पाण्याकाठचे चित्र

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमा नदीवर उजनी धरण आहे. हे धरण १९८० साली पूर्ण झाले. धरणामागच्या विशाल जलाशयाला 'यशवंतसागर' म्हणतात. सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत हे पाणी पसरले आहे. करमाळा तालुक्यातील अनेक गावे या पाण्याच्या काठावर आहेत. काठाने ऊस डोलतो. कंदर गावाकडे केळीच्या बागा दिसतात. पहाटे मच्छीमार होडीतून जाळी टाकतात. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात. चित्र काढणाऱ्याला आणखी काय हवे?

पण या पाण्याखाली आणखी एक चित्र आहे. ते आपल्याला दिसत नाही. धरण झाले तेव्हा नदीकाठची बरीच गावे पाण्यात गेली. घरे, विहिरी, पार, देवळे, ओळखीच्या वाटा, सारे बुडाले. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर त्यांपैकीच एक. एखाद्या उन्हाळ्यात पाणी खूप ओसरले की ते उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. गावकऱ्यांनी दुसरीकडे नवी गावे वसवली. त्या काळी खेड्यात कॅमेरा क्वचितच असे. त्यामुळे जुन्या गावाचे छायाचित्र थोड्याच घरांत सापडते. जुने गाव आता म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत उरले आहे. ते कागदावर आणायचे असेल, तर पेन्सिलच हाती घ्यावी लागेल.

जवळच्या माणसाचे चित्र नसणे म्हणजे काय, हे एका मोठ्या चित्रकाराला चांगले ठाऊक होते. उजनीतून सोडलेले पाणी भीमेतून पंढरपूरला जाते. त्याच पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला. ते अगदी लहान असतानाच त्यांची आई वारली. आईचा चेहरा त्यांना आठवत नसे. तिचे छायाचित्रही त्यांच्याजवळ नव्हते. पुढे त्यांनी कितीतरी चित्रांत स्त्रिया रंगवल्या. त्यांतील अनेकींना चेहराच नाही!

हुसेन यांनी लहानपणी अरबी सुलेखनाचे धडे घेतले होते. मुंबईत त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवले, लाकडी खेळणी तयार केली. मेहनतीने ते जगप्रसिद्ध झाले. १९९१ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मविभूषण' दिले. २०११ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, सुलेखन तुम्हालाही परके नाही. उर्दू लिहिताना बोरूची लेखणी वळली की रेघ कधी जाड, तर कधी बारीक होते. ज्या हाताला 'नून'ची गोलाई साधते, त्याला बगळ्याची मान काढणे अवघड नाही. चला, आपणही सुरुवात करू.

रेखाटन

पाण्याकाठी जाताना मोठे माणूस सोबत असावे. मऊ पेन्सिल आणि लहान वही एवढे पुरे. पक्षी तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून आधी नीट पाहा, मग थोड्याच रेघा काढा. रोहित पक्षी काढायचा असेल, तर आधी अंड्यासारखा आकार काढा. त्याला काठीसारखे लांब पाय, वळणदार मान आणि खाली वाकलेली चोच जोडा. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो आणि अन्न गाळून घेतो. हे पाहिले नसेल, तर चित्रही खोटे वाटेल. होडी काढताना तिचे प्रतिबिंब तिच्या बरोबर खाली दाखवा.

जलरंगाने रंगवताना आधी फिकट, मग गडद रंग लावावा. पांढऱ्या बगळ्यासाठी पांढरा रंग शोधू नका. तेवढा कागद कोरा सोडा. पलीकडचा काठ फिकट, निळसर ठेवा, म्हणजे तो दूर वाटेल.

बुडालेले गाव कसे काढावे? त्यासाठी दादा-दादींजवळ बसा. विहीर कोठे होती? पारावर कोणते झाड होते? घराचे दार कोणत्या दिशेला होते? ते सांगतील तसतशा रेघा काढा. चुकले तर तेच म्हणतील, "अरे, पायऱ्या या बाजूला नव्हत्या!" मग रेघ बदला. बोलता बोलता त्यांना विसरलेल्या गोष्टीही आठवू लागतील.

भेटकार्ड

या चित्राचे सुंदर भेटकार्ड होते. २० सेंटीमीटर लांब आणि १४ सेंटीमीटर रुंद असा जाड कागद घ्या. लांबीच्या मधोमध पट्टी ठेवून घडी घाला. आता एक गंमत पाहा. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात. म्हणून मराठी भेटकार्डाची घडी डाव्या हाताला असते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणून 'ईद मुबारक' लिहिलेल्या कार्डाची घडी उजव्या हाताला हवी. दोन्ही भाषांत लिहायचे असेल, तर घडी वरच्या बाजूला ठेवा. मग कोणतीच भाषा उलटी होणार नाही.

बाहेर चित्र काढा. आत शुभेच्छा लिहा. चित्र कशाचे आहे, हेही एका ओळीत लिहा. पाकीट कार्डापेक्षा थोडे मोठे करा.

चित्र लहान मुलाचे असले, म्हणून ते कमी मोलाचे नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफ या संस्थेने युरोपातील मुलांना मदत केली. चेकोस्लोव्हाकियातील जितका साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने आभार मानण्यासाठी नाचणाऱ्या मुलांचे चित्र काढले. कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगवले. १९४९ साली ते युनिसेफचे पहिले भेटकार्ड ठरले. पुढे अशा कार्डांच्या विक्रीतून मुलांसाठी पैसा उभा राहिला.

ईद, दिवाळी किंवा संक्रांत आली, की आपले कार्ड कोणाला पाठवावे? धरणामुळे दूर राहायला गेलेले एखादे शेजारी, एखादे नातेवाईक आपल्या ओळखीचे असतील. त्यांना पाठवा. दुकानातील कार्ड अधिक गुळगुळीत असेल, पण त्यावर त्यांच्या गावची विहीर नसेल. आज ती विहीर कोणालाही दाखवता येत नाही. आठवणारी माणसेही थकत चालली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे, हे बरे.

शब्दार्थ

जलाशय – पाण्याचा मोठा साठा
थवा – पक्ष्यांचा समूह
पार – झाडाभोवती बांधलेला ओटा
ओसरणे – कमी होणे
सुलेखन – सुंदर अक्षर काढण्याची कला, खुशखत
बोरू – लिहिण्याची कलम ज्या वनस्पतीपासून करतात ती
प्रतिबिंब – पाण्यात किंवा आरशात दिसणारे रूप

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उजनी धरणाच्या जलाशयाला काय म्हणतात?
(आ) पांढरा बगळा रंगवताना काय करावे?

२. कारणे लिहा.
(अ) जुन्या गावांची छायाचित्रे थोड्याच घरांत सापडतात.
(आ) उर्दू भेटकार्डाची घडी उजव्या हाताला असते.

३. कागद, कलम, शाई हे शब्द मराठीत आहेत. यांसाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात? असे आणखी चार शब्द शोधून लिहा.

४. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या लहानपणीच्या घराविषयी पाच प्रश्न विचारा. उत्तरांवरून त्या घराचे रेखाटन करा आणि ते त्यांनाच दाखवा. त्यांनी सांगितलेली दुरुस्ती चित्रात करा.