घरी पीसीबी बनवायचाय? कुरखेड्यातून खर्चाचा हिशेब

टाकीच्या पाण्याचा अलार्म किंवा सोलर दिव्याचा छोटा सर्किट बोर्ड टोनर ट्रान्स्फरने घरी करायचा, तर पहिल्यांदा सहा-सातशे रुपये लागतात. चार बाय सहा इंचांची कॉपर क्लॅड शीट 50 ते 100, शंभर ग्रॅम फेरिक क्लोराइड शंभराच्या आसपास, हातड्रिल 250 ते 400. बाकी ड्रिलचे बिट, पॉलिश पेपर, अॅसिटोन. भाव अंदाजी आहेत. पुढचा बोर्ड शंभर-दीडशेत होतो, कारण ड्रिल घरात असतो.

खरा खर्च प्रवासाचा. हे सामान नागपूरला सीताबर्डीत मिळतं, आणि कुरखेड्याहून एसटीचं जाणं-येणंच सामानाच्या बरोबरीला येऊ शकतं. म्हणून कुरियरने एकदम मागवा, नाहीतर नागपूरला जाणाऱ्या कुणाला यादी द्या. एकच बोर्ड हवा असेल तर वीस-तीस रुपयांचा झिरो पीसीबी (तयार भोकांचा बोर्ड) घ्या, हा खटाटोप करू नका.

तरी करायचाच तर सर्किटच्या आराखड्याची प्रिंट लेझर प्रिंटरचीच हवी. टोनर उष्णतेने वितळून तांब्याला चिकटतो. इंकजेटची शाई चिकटत नाही. कागद गुळगुळीत, चकचकीत घ्या, पण झेरॉक्सवाल्याला आधी विचारा, मशीनमध्ये अडकण्याची भीती असते. टोनर सेव्हर बंद, आकार शंभर टक्के. बोर्डावर सरळ दिसायला हवीत ती अक्षरं कागदावर उलटी असली पाहिजेत. आयसी कागदावर ठेवून पाय जुळतात का तेही पाहा. पट्ट्या सुरुवातीला एक मिलिमीटर रुंद ठेवा. तांबं घासून धुतल्यावर बोट लावू नका. त्यावर कागद पालथा ठेवून कोरडी, कडक तापलेली इस्त्री चार-पाच मिनिटं दाबा, बोर्ड थंड होऊ द्या, मग पाण्यात भिजवून कागद चोळून काढा. तुटलेली रेघ परमनंट मार्करने भरा.

आता उघडं तांबं विरघळवायचं. फेरिक क्लोराइडला प्लास्टिकचाच ट्रे. अॅल्युमिनियम, स्टील ते खातं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवीच. कोमट द्रावणात ट्रे हलवत राहिलं की अर्ध्या तासात काम होतं. द्रावण बाटलीत भरून पुन्हा वापरा. संपलेलं द्रावण नालीत किंवा सती नदीत ओतू नका, त्यातलं तांबं माशांना घातक आहे. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत जा, फेस थांबला की गाळ बसू द्या आणि तो सिमेंटमध्ये कालवून घट्ट करा.

230 व्होल्टचं काही, किंवा रानडुकरांसाठीचं झटका मशीन, या बोर्डावर करू नका. जीव जाऊ शकतो. दहा-वीस बोर्ड किंवा दोन्ही बाजूंना पट्ट्या हव्या असतील, तर फाइल कारखान्याला पाठवणंच स्वस्त पडतं.