उत्तरेकडील पाणबुड्या : लून पक्षी

तळ्यांतील टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, हें पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. बुडी मारण्यांत तिच्याहूनही सरस व आकारानें पुष्कळ मोठा असा एक पक्षी उत्तरेकडील थंड प्रदेशांत राहतो. अमेरिकेंत त्यास ‘लून’ व इंग्लंडांत ‘डायव्हर’, म्हणजे बुडी मारणारा, असें म्हणतात. लूनच्या पांच जाती असून त्यांपैकीं सामान्य लूनची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

कॅनडा, अलास्का, संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग, ग्रीनलंड व आइसलंड येथील सरोवरें हें त्याचें उन्हाळ्यांतील वसतिस्थान होय. तो मासे डोळ्यांनीं हेरून पकडतो. म्हणून त्यास नितळ पाणी लागतें. हिंवाळ्यांत सरोवरें गोठलीं कीं तो समुद्रकिनारा गांठतो. उन्हाळ्यांत त्याचें डोकें काळें, पाठीवर पांढऱ्या चौकटी व डोळे लालभडक असतात. हिंवाळ्यांत अंगावरचा हा डौल जाऊन तो करड्या रंगाचा दिसतो. कॅनडानें १९८७ सालीं काढलेल्या एक डॉलरच्या नाण्यावर याचेंच चित्र आहे.

इतर पक्ष्यांचीं हाडें बहुधा पोकळ असतात. लूनचीं पुष्कळशीं हाडें भरीव असतात. पाय तर शरीराच्या अगदीं मागल्या टोंकास असतात. या दोन गोष्टींमुळें तो पाण्याखालीं सुमारें साठ मीटरपर्यंत जाऊं शकतो. परंतु जें पाण्यांत बळ, तेंच जमिनीवर दुबळेपण! तेथें त्यास नीट चालतां येत नाहीं; छातीवर सरपटावें लागतें. उडण्यासाठींही पाण्यावरून बरेंच अंतर धांवावें लागतें. पावसानें भिजलेला डांबरी रस्ता पाणी समजून तो कधीं खालीं उतरतो आणि मग त्यास पुन्हां उठतां येत नाहीं.

या कारणानेंच तो घरटें अगदीं पाण्याच्या कडेला, शक्य तर बेटावर बांधतो. मादी बहुधा दोन अंडीं घालते. नर व मादी पाळीपाळीनें सुमारें अठ्ठावीस दिवस तीं उबवितात. पिलें एका दिवसांत पाण्यांत उतरतात. थकलीं कीं आईबापांच्या पाठीवर बसतात. तेथें ऊब मिळते व मोठ्या माशांपासून रक्षणही होतें. सुमारें अकरा-बारा आठवड्यांनीं तीं उडूं लागतात. मात्र स्वतः अंडीं घालण्यायोग्य व्हावयास त्यांना बहुधा सहा वर्षें लागतात.

यावरून एका वाढलेल्या लूनचें मोल ध्यानांत येईल. धरणामुळें पाणी वाढलें तर घरटें बुडतें. त्याहून घातक म्हणजे गळाला बांधलेलें शिसें. अन्न दळण्यासाठीं लून तळचे खडे गिळतो. त्यांबरोबर शिशाची गोळी पोटांत गेली कीं विषबाधेनें तो कांहीं आठवड्यांतच मरतो. शिसें लावलेला गळ गिळलेला मासा खाल्ला तरीही तेंच होतें. म्हणून अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत २००० सालापासून लहान शिशाच्या वजनांवर कायद्यानें बंधन घालण्यांत आलें. कित्येक ठिकाणीं लूनसाठीं तरंगते तराफेही बांधून ठेवतात.

जो पक्षी साठ मीटर खोल पाण्याला भीत नाहीं, त्यास मनुष्यानें निष्काळजीपणें टाकलेली एक इवलीशी गोळी मारते. आपण पाण्यांत काय टाकतों, याचा विचार प्रत्येकानें करावा.