रक्ताच्या रिपोर्टातील खुणा

न्यू जर्सीतील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी आपला रक्ताचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. त्यांना हिपॅटायटिस बी आहे. डोळे कधी पिवळे झाले नाहीत, पण विषाणू वर्षानुवर्षे यकृतात मुरलेला. इंटरफेरॉनचे इंजेक्शन दर आठवड्याला एक, असा उपचार चालू होता. दहाव्या आठवड्यात एसजीपीटी चौपट झाले होते. "मास्तर, औषधानेच यकृत बिघडले की हो!" ते म्हणाले. आम्ही चष्मा लावून आकडे पाहिले आणि सांगितले, "तसेच दिसते. इंजेक्शन तूर्त थांबवा." त्यांनी डॉक्टरांना न विचारता त्या आठवड्याचे इंजेक्शन चुकविले.

आम्ही आयुष्यभर गणित शिकविले. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तरी सल्ला देऊन बसलो. चूक कोठे झाली ते पुढे समजून घेतले, तेच येथे मांडतो.

या विषाणूची पहिली खूण सापडली ती अमेरिकेतच. ब्रुकलिनमधील फ्लॅटबुश येशिवात लहानपणी शिकलेले डॉ. बारूख ब्लुमबर्ग बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेत निरनिराळ्या देशांतील लोकांचे रक्त तपासत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी पदार्थ आढळला. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असे नाव पडले. तो या विषाणूच्या बाहेरील कवचाचा अंश आहे, हे पुढे कळले. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांना इंटरफेरॉन देऊन पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णाला बरे वाटते की नाही एवढेच विचारले नाही, तर रक्तातील विषाणूच्या खुणा पुन्हापुन्हा मोजल्या. औषध दहा दिवस किंवा त्याहून कमी दिले, तर खुणा खाली येत आणि पुन्हा वर चढत. जास्त दिवस दिले तेव्हा त्या दबून राहण्याकडे कल दिसला. औषध चुकविणाऱ्याने, आणि चुकवा म्हणणाऱ्या मास्तरांनीही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९९२ साली या रोगावर इंटरफेरॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आठवड्याला एकदाच घ्यावयाचा प्रकार २००५ पासून आहे. तो बहुधा ४८ आठवडे देतात. आज बहुतेकांना रोजची गोळीच दिली जाते, पण इंजेक्शनाची मुदत ठरलेली असते म्हणून काहीजण ते पत्करतात.

आता रिपोर्ट. पृष्ठभागाचा अँटिजेन, म्हणजे ब्लुमबर्ग यांचाच, रक्तात आहे तोवर विषाणू घरात आहे. 'ई' अँटिजेन असेल तर विषाणूची वाढ सहसा जोरात चालू असते. डीएनए म्हणजे विषाणूची शिरगणतीच. एसजीपीटी, ज्याला येथे एएलटी म्हणतात, ही मात्र विषाणूची खूण नव्हे. यकृताच्या पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते.

आमची चूक येथेच झाली. इंटरफेरॉन विषाणूला आवरते, शिवाय शरीराच्या संरक्षक पेशींना चेतविते. त्या पेशी विषाणू असलेल्या यकृतपेशींवर तुटून पडतात, तेव्हा एसजीपीटी चढते. पुष्कळदा 'ई' अँटिजेन जाण्यापूर्वी अशी चढण दिसते. आम्ही तो एकच आकडा वाचला. शेजारचा वाचला नाही. त्यांचा डीएनए २,००,००,००० वरून २,००,००० वर आला होता. डॉक्टर येथे शून्ये मोजतात, आणि दोन शून्ये गेली होती. डीएनएही चढत असता तर गोष्ट निराळी होती. मात्र चढण म्हणजे शुभशकुन असेही कोणी समजू नये. यकृत आधीच आकसलेले असेल तर हीच लढाई जिवावर बेतू शकते. म्हणून कावीळ दिसली, पोट फुगले, भ्रम झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, थायरॉइड यांच्या तपासण्याही या उपचारात असतात. आणि मन फार खचू लागले तर तेही डॉक्टरांना सांगावे, लाजू नये.

बाराव्या आणि चोविसाव्या आठवड्यात पृष्ठभागाचा अँटिजेन किती उरला हेही मोजतात. भारतातून आलेल्यांत विषाणूचे डी आणि ए हे प्रकार जास्त आढळतात. 'ई' असलेल्या अशा रुग्णाचा आकडा बाराव्या आठवड्यापर्यंत मुळीच हलला नाही, तर उपचार थांबविण्याचा विचार होतो. थांबवावयाचे ते असे मोजून, आमच्यासारखे घाबरून नव्हे.

गृहस्थांना डॉक्टरांनी दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा सुरुवात करून दिली. आम्हीही बरोबर गेलो होतो आणि दोन शब्द ऐकून घेतले. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी त्यांचा 'ई' अँटिजेन गेलेला होता व त्याविरुद्धचे प्रतिपिंड आले होते. असे साधारण तिघांत एकाला होते. पृष्ठभागाचा अँटिजेन अजून आहे, त्यामुळे दर सहा महिन्यांनी रक्त द्यावे लागते. पत्नीची आणि मुलांची तपासणी झाली. अमेरिकेत २०२३ पासून प्रत्येक प्रौढाने निदान एकदा ती करावी अशी सरकारी शिफारस आहे. मुलांना लस पूर्वीच मिळाली होती, पत्नीला आता दिली. ठाण्याच्या थोरल्या भावाला दोनदा पत्र गेले आहे. त्यांनी अजून रक्त तपासून घेतलेले नाही.