भिंतीत जाणारी वायर

नाशिकमध्ये नेटवर्किंगची कामं करायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. बंगले, दुकानं, शाळा, सातपूर-अंबडचे कारखाने, सगळीकडे केबल ओढली. या काळात राउटर बदलले, स्विच बदलले, कॅमेऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. भिंतीत गेलेली केबल मात्र तिथेच राहिली. म्हणून एस्टिमेटमधल्या केबलच्या आकड्यावर कुणी काट मारायला लागलं की मी त्यांना थांबवतो. डब्यातलं यंत्र बदलायला दहा मिनिटं लागतात. भिंतीतली वायर बदलायची तर भिंत फोडावी लागते.

१. आधी तांबं बघा, मग नंबर.
एका सोसायटीतून फोन आला. "दिवसा सगळं व्यवस्थित दिसतं, अंधार पडला की गेटकडचे चार कॅमेरे बंद!" आधीच्या माणसाने कॅमेरे बदलले होते, स्विचही बदलला होता. मी केबलचा वीतभर तुकडा कापला आणि आतली तार ब्लेडने खरवडली. तांबूस मुलामा निघाला आणि खाली पांढऱ्या धातूची तार चमकली. ॲल्युमिनियम! बाजारात याला सीसीए म्हणतात. या कॅमेऱ्यांना वीजही नेटवर्क केबलमधूनच जाते. रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट वाढतो. या तारेचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचेतो व्होल्टेज पडतं. खोक्यावर 'कॅट-६' ठळक छापलेलं होतं, पण केबलच्या 'कॅट' मानकांना निव्वळ तांबंच लागतं. तेव्हापासून मी खोकं उघडल्यावर पहिल्यांदा तार खरवडतो. ३०५ मीटरचं खोकं हाताला हलकं लागलं, तर तिथेच शंका घ्या.

२. वेग आणि अंतर एकत्र मोजा.
कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट सहज नेते. कॅट-६ सुद्धा १०० मीटरवर १ गिगाबिट देते, पण १० गिगाबिट हवे असतील तर तिची मर्यादा साधारण ५५ मीटर. पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट न्यायचे तर कॅट-६ए. नवं घर बांधत असाल तर चांगल्या तांब्याची कॅट-६ घाला. घरात ५५ मीटरचा पल्ला क्वचितच लागतो. कॅट-६ए जाड असते, वळवायला जड जाते आणि तिला पाइपही मोठा लागतो. कारखान्यात, ऑफिसात किंवा मोठ्या फाइली हलवणाऱ्या स्टुडिओत तिचे पैसे वसूल होतात.

३. मोठा आकडा म्हणजे चांगली केबल नव्हे.
"कॅट-८ टाका, एकदाच काय ते होऊन जाऊ दे," असं लोक म्हणतात. कॅट-८ ही डेटा सेंटरमधल्या रॅकसाठी आहे. तिचा तो प्रचंड वेग ३० मीटरच्या आतच मिळतो. या वरच्या आकड्यांच्या केबलना शील्ड असते आणि शील्ड म्हणजे अर्थिंग आलंच. धातूच्या आवरणाचे जॅक आणि अर्थ केलेला रॅक असेल, तरच त्या शील्डचा फायदा. मोठ्या मोटारी, वेल्डिंग, ड्राइव्ह असलेल्या शेडमध्ये मी शील्ड केबल आवर्जून वापरतो. घरात साधी, शील्ड नसलेली यूटीपी पुरते. फक्त ती विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपात कोंबू नका.

४. शंभर मीटर म्हणजे सगळं मिळून शंभर.
भिंतीतली केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या सुट्या जोडवायरी, म्हणजे पॅच कॉर्ड, मिळून १०, असा हिशेब धरा. जमिनीवरचं अंतर पावलांनी मोजू नका. केबल वर चढते, वळसा घेते, खाली उतरते. तिच्या अंगावर मीटरचे किंवा फुटांचे आकडे छापलेले असतात. ओढण्याआधी आणि ओढल्यावर ते टिपून ठेवा.

५. भिंतीत घन तार, टेबलावर लवचीक.
भिंतीतल्या केबलमध्ये प्रत्येक तार एकसंध असते. पॅच कॉर्डमध्ये बारीक तारांचा पीळ असतो, म्हणून ती रोज हलवली तरी टिकते. भिंतीतली केबल थेट लॅपटॉपला जोडली की सारखी वाकून आतून तुटते. भिंतीवर जॅक बसवा आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड घ्या.

६. उन्हात घरातली केबल टिकत नाही.
साधं पीव्हीसीचं आवरण उन्हाने कडक होतं, तडकतं आणि पावसाचं पाणी आत शिरतं. गच्चीवर, कंपाउंडवर ऊन सोसणारी काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची बाहेरची केबल घ्या. जमिनीखालून न्यायची असेल तर आत जेल भरलेली मिळते, ती घ्या.

७. दोन इमारतींमध्ये फायबर.
एका शाळेच्या दोन इमारती मी सुरुवातीच्या काळात तांब्याच्या केबलने जोडल्या होत्या. अंतर जेमतेम ६० मीटर, म्हणून मला ते बरोबर वाटलं. जूनच्या पहिल्या वादळात जवळच वीज कोसळली आणि दोन्हीकडचे स्विच जळले. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते आणि तांबं त्यांच्यात विजेची वाट तयार करतं. फायबरच्या काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, करंट जात नाही. ते स्विच बदलण्याचा खर्च मी स्वतः केला आणि तिथे फायबर टाकली. त्यानंतर दोन इमारतींमधल्या जोडणीला मी तांबं वापरलेलं नाही.

८. उत्तम केबल वाईट क्रिम्पिंगने वाया जाते.
जोडीच्या दोन तारांना पीळ असतो, तो बाजूच्या जोडीचा गोंगाट कापण्यासाठी. जॅकपाशी तो १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा. आमच्याकडे सगळं काम ५६८-बी क्रमाने होतं. १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन. म्हणून प्लॅन मोठा असूनही वेग शंभरच्या आसपास अडकला, तर इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी जॅकमधली एखादी तार सुटली आहे का ते बघा.

९. पाइप मोठा ठेवा आणि आत दोरी सोडा.
प्रत्येक पाइपात ओढायची एक दोरी राहू द्या. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. घराची वास्तुशांत झाल्यावर हे करता येत नाही.

गेल्या वर्षी, पंधरा वर्षांपूर्वी काम केलेल्या एका घरी गेलो. तेव्हा तिथे अस्सल तांब्याची कॅट-५ई ओढली होती आणि घरमालक कुरकुरत म्हणाले होते, "एवढी महाग कशाला?" आता मुलाने अडीच गिगाबिटचा स्विच आणला होता. २०१६ साली आलेल्या मानकाने हा वेग कॅट-५ई वरही चालतो. मी जुन्याच जॅकमध्ये नवी कॉर्ड लावली. स्विचचा दिवा लागला आणि स्क्रीनवर वेग आला, २.५ जीबीपीएस. भिंतीला छिन्नी लावावी लागली नाही.