आईचे गुडघे आणि नऊ इंच

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरातलं बाथरूम नवं करून घेतलं. पुण्यातली जुनी इमारत, तिसरा म्हणजे शेवटचा मजला, लिफ्ट नाही. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंची जेमतेम चार फूट दहा इंच. ओरिसा पॅनवर बसणं तिला अशक्य झालं होतं, म्हणून कमोड बसवायचं ठरलं. त्या महिन्याभरात जे शिकलो ते लिहितो.

१. आधी माप, मग दुकान. मी नेमकं उलटं केलं. जमिनीत जाणारा आउटलेट, म्हणजे एस-ट्रॅप, आणि भिंतीत जाणारा पी-ट्रॅप एवढा फरक मला ठाऊक होता. एस-ट्रॅपमध्येही भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंत चार, नऊ, बारा इंच अशी वेगवेगळी मापं असतात, हे माहीत नव्हतं. दिसायला आवडला म्हणून बारा इंचाचा कमोड घरी आणला. जुन्या टाइल्स काढल्यावर प्लंबरने विटेपासून टेप लावली तेव्हा दहा इंच भरले. सिमेंटचा माल आणि नवी टाइल यांत आणखी एक इंच जाणार, म्हणजे उरले नऊ. कमोडची टाकी भिंतीला अडत होती. दुकानदार परत घेईना. पाइप वळवून जमवता येईल असं एकाने सुचवलं, पण तिथेच मैला अडकतो म्हणून आमच्या प्लंबरने साफ नकार दिला, आणि तो बरोबर होता. दुसरा कमोड येईपर्यंत चार दिवस आई कठड्याला धरून खालच्या मजल्यावर, शेजाऱ्यांकडे जात होती. पैसे गेले त्यापेक्षा ते चार दिवस मला जास्त लागले.

२. ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणजे आपल्या आईसाठी, असं नाही. अठरा इंच उंचीचा कमोड गुडघेदुखीवर चांगला, असं सगळेच सांगत होते. उंच माणसाला तो चांगलाच. आईला दुकानात त्यावर बसवलं तर तिचे पाय अधांतरी राहिले. पाय जमिनीला टेकले नाहीत तर उठताना जोर लावायचा कशावर? शेवटी सीटसह सोळा इंचांचा घेतला आणि उठायला शेजारच्या भिंतीत स्टीलचा दांडा बसवला. कॅटलॉगमधली उंची बऱ्याचदा सीट सोडून असते, तेही विचारून घ्यावं.

३. भिंतीवर टांगलेला कमोड देखणा असतो, खालची फरशी पुसायला सोपी जाते. पण आमची भिंत चार इंची. लपवलेली टाकी आणि तिची लोखंडी चौकट बसवायची तर पुढे आणखी एक भिंत उचलावी लागली असती आणि आधीच अरुंद असलेली जागा आणखी कमी झाली असती. मोह सोडला.

४. पाण्याचा दाब बघा. इमारतीची टाकी आमच्या डोक्यावरच, त्यामुळे नळाला धार बारीक. थेट पाइपवर चालणारा फ्लश व्हॉल्व्ह इथे चालला नसता. तीन आणि सहा लिटरची दोन बटणं असलेली टाकी घेतली. भरायला वेळ लागतो, पण फ्लश पूर्ण होतो.

५. सीट आणि टाकीच्या आतले सुटे भाग जवळपास मिळतात का, ते खरेदीआधी विचारा.

६. वॉटरप्रूफिंगवर दोन दिवस पाणी साठवून, खालच्या घराचं छत कोरडं आहे याची खात्री होईपर्यंत टाइल लावू देऊ नका. ठेकेदार घाई करतोच.

घरात वय झालेलं माणूस असेल तर कमोड निवडताना त्यालाच दुकानात घेऊन जा. लाजू देऊ नका. चप्पल काढून बसवा, आणि कुणाचाही हात न धरता उठता येतं का, ते बघा.