पार्लर, मेडिकल की स्किनवाले डॉक्टर? लातूर जिल्ह्यातल्या मुरुडकरांसाठी खर्चाचा हिशेब

चेहऱ्यावरच्या उपचारांत सगळ्यांत महाग पडणारी वस्तू शे-दोनशे रुपयांत मिळते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, ‘वांगावर जालीम आहे’ म्हणून जावेने किंवा मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब. तिच्यात बहुधा तीन औषधं एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टेरॉइड. डॉक्टर ती देतात तेव्हा मोजक्या आठवड्यांसाठी, रात्री, डागापुरती देतात. आपल्याकडे ती पावडरखाली वर्षवर्ष लावली जाते. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणूनच तर ती सुटत नाही. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, गालांवर लाल रेषा उमटतात, हनुवटीवर लव वाढते. ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, लावली की शांत होतो. या चक्रातून बाहेर पडायला कित्येक महिने जातात आणि तोवरचा डॉक्टर, औषधं, एसटी, बुडालेली मजुरी हा सगळा खर्च त्या ट्यूबच्याच खात्यावर मांडायला हवा.

स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीवरच विकायची असतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी आणखी 14 स्टेरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. खोक्याच्या डाव्या कोपऱ्यात ‘आरएक्स’ अशी खूण असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे.

याहून वाईट म्हणजे बिननावाच्या डबीतली गोरेपणाची क्रीम. अकोल्याची घटना 2023 मध्ये उजेडात आली. महाविद्यालयात शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. तिघी एकच क्रीम लावत होत्या, स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही गोऱ्या होण्याच्या क्रीम आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा असाच संबंध डॉक्टरांनी नोंदवला. तेव्हा डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक 1800222365 आहे.

आता दरांकडे येऊ. पुढचे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. शहर, मशीन आणि डॉक्टर यांनुसार ते वर-खाली होतात.

लातुरात खासगी त्वचारोगतज्ज्ञाची तपासणी फी साधारण तीनशे ते सातशे रुपये धरा. तेवढंही जड असेल तर विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात नाममात्र पैशांत त्वचारोगतज्ज्ञ पाहतात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. रांगेत अर्धा दिवस जातो, पण तिथे कुणी तुम्हाला पॅकेज विकत नाही. मला विचाराल तर पहिली तपासणी तिथेच करावी आणि आजाराचं नाव कागदावर लिहून घ्यावं. मग हवं तर खासगीत जा.

पिंपल्सवर महिन्याला तीनशे ते आठशे रुपयांच्या औषधांत बहुतेकांचं भागतं, पण धीर तीन महिन्यांचा लागतो. लातूरला नीटच्या शिकवणीसाठी खोली घेऊन राहणारी पोरं हा धीर सोडतात आणि पंधराव्या दिवशी ‘पील’ करायला जातात. केमिकल पीलचं एक सिटिंग दीड ते चार हजारांना पडतं आणि चार-सहा सिटिंग लागतात. आत पिंपल्स धगधगत असताना केलं तर पैसे वाया. लग्न ठरलेल्या मुलींनी तर डॉक्टरांना लग्नाची तारीख आधी सांगावी. हट्टी पिंपल्सवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर दिवस जाता कामा नयेत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. ही गोष्ट आईसमोर विचारायला मुली लाजतात; डॉक्टरांनी ती स्वतःहून सांगितली तर त्यांच्यावर विश्वास ठेवायला एक कारण मिळालं असं समजा.

ओठावरची, हनुवटीवरची लव काढण्याच्या लेझरला भागानुसार सिटिंगमागे हजार ते पाच हजार, सिटिंगं सहा ते आठ आणि पुढे वर्षाकाठी एखाद-दुसरं. जाहिरातीत ‘कायमचं’ लिहिलेलं असतं; प्रत्यक्षात केस कमी होतात, बारीक होतात. पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल तर आधी हार्मोनच्या तपासण्या करा, नाहीतर एकीकडे लेझर आणि दुसरीकडे नवी लव. मशीनचं नाव विचारायला लाजू नका. आपल्या सावळ्या कातडीला लांब तरंगलांबीचं लेझर, म्हणजे एनडी-याग किंवा नीट सेट केलेलं डायोड, त्यातल्या त्यात सुरक्षित. स्वस्तात लेझर म्हणून विकलं जाणारं आयपीएल हे लेझर नसतंच आणि सावळ्या गालावर त्याने भाजल्याचे डाग पडू शकतात. आधी कानामागे छोटी चाचणी करून आठवडाभर थांबायला तयार नसेल, अशा ठिकाणी बसू नये.

चामखीळ आणि तीळ हा खरं तर किरकोळ मामला. चुना-सोडा लावून चामखीळ जाळायची रीत अजून आहे आणि तिचे व्रणही गावोगाव दिसतात. डॉक्टरकडे बधिर करून कॉटरीने काढायला काहीशे रुपये लागतात. अचानक वाढलेला, रंग बदललेला, रक्त येणारा तीळ मात्र दाखवल्याशिवाय कुणालाही जाळू देऊ नका.

गोरेपणाची सलाईन, ग्लुटाथायोन, हजारोंच्या पॅकेजमध्ये विकली जाते. या कामासाठी ते इंजेक्शन आपल्याकडे मंजूर नाही. यावर अधिक शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा प्रश्न वेगळा आहे. लष्करात कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, इतरत्र नाही. आदिवासींना परंपरेप्रमाणे सवलत आहे. दंडावरचं नाव काढायचं तर क्यू-स्विच्ड लेझरची सहा ते दहा सिटिंगं, दोन सिटिंगांत दीड-दोन महिन्यांचं अंतर. म्हणजे वर्ष-दीड वर्ष हाताशी हवं. छोट्या टॅटूलाही एकूण दहा-वीस हजार जातात. फॉर्म भरल्यावर धावपळ करणारा शेवटी अ‍ॅसिड लावून घेतो आणि टॅटूच्या जागी व्रण घेऊन मैदानावर जातो.

केस लावण्याची शस्त्रक्रिया हा सगळ्यांत मोठा खर्च. दर ग्राफ्टमागे साधारण वीस ते साठ रुपये, अडीच हजार ग्राफ्ट धरले तर पन्नास हजार ते दीड लाख. त्यात न धरलेली बाब अशी की लावलेले केस राहतात, पण मूळचे उरलेले गळतच राहतात. ते टिकवायला औषधांचे महिन्याला पाचशे-हजार वर्षानुवर्षं चालू राहतात. विशी-पंचविशीत टक्कल कुठवर जाणार हेच ठरलेलं नसतं. त्या वयात आधी सहा-आठ महिने औषध घेऊन पाहा.

आणि ही शस्त्रक्रिया आहे, हजामत नव्हे. 2019 मध्ये मुंबईत एका 43 वर्षांच्या उद्योजकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावून घेतले. त्यानंतर तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणं दिसली आणि त्याचा मृत्यू झाला. कानपूरमध्ये नोव्हेंबर 2024 आणि मार्च 2025 मध्ये याच शस्त्रक्रियेनंतर दोन इंजिनिअर गेले. पोलिसांनी दंतवैद्यकाची पदवी असलेल्या डॉक्टरवर गुन्हा नोंदवला. त्याआधीच, सप्टेंबर 2022 मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगून ठेवलं होतं की हे काम प्लॅस्टिक सर्जरीचं किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण घेतलेल्यांनीच करावं. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ते शिकता येत नाही.

मग माणूस ओळखायचा कसा? पाटीवरचं ‘डॉ.’ पुरेसं नाही, पुढची अक्षरं वाचा. एमबीबीएसनंतर एम.डी. (त्वचारोग), डी.एन.बी. (त्वचारोग), डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. एम.सीएच. (प्लॅस्टिक सर्जरी) म्हणजे प्लॅस्टिक सर्जन. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘ट्रायकॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फेलो’ ही बिरुदं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्य तज्ज्ञशाखांत नाहीत. काही आठवड्यांच्या खासगी कोर्सनंतरही ती लावता येतात. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर टाकला की नाव आणि पदवी दिसते. 2025 मध्ये परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आणला. आयुर्वेद आणि दंतवैद्यक यांच्या नोंदणीच्या परिषदा वेगळ्या आहेत. तुमचे फॅमिली डॉक्टर बीएएमएस असतील आणि ते ‘हे माझं काम नाही, स्किनवाल्याकडे जा’ म्हणत असतील, तर ते चांगले डॉक्टर आहेत.

दुसरी खूण : सुई किंवा मशीन कुणाच्या हातात असणार? फी तज्ज्ञाची आणि लेझर चालवायला बारावी पास मुलगी, हे मोठ्या शहरांतल्या चकचकीत साखळी क्लिनिकांतही चालतं. ‘सर, तुम्ही स्वतः करणार ना?’ एवढं विचारा. औषधाची कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा. कशाची अ‍ॅलर्जी आली तर इथे काय सोय आहे, हेही विचारा. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडून उठून यावं, चहा घेतला असला तरी.

पैशांचं थोडं. हौसेखातर केलेली कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आणि केस लावणं यांवर 18 टक्के जीएसटी आहे; जन्मजात व्यंग किंवा अपघातातली दुखापत दुरुस्त करण्यावर नाही. पार्लरच्या सेवांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आला. ‘बिल नको असेल तर जीएसटी सोडतो’ असं कुणी म्हणालं की मोह होतो. पण त्या बचतीत तुम्ही तक्रारीचा पुरावाच विकता. मेडिक्लेममध्येही कॉस्मेटिक उपचार वगळलेले असतात. सगळ्या सिटिंगांचे पैसे एकदम भरू नका, सिटिंग झालं की त्याचे द्या. हप्त्यांवर देतो म्हणणाऱ्याला कर्ज कोणत्या कंपनीचं आणि क्लिनिक बंद पडलं तर हप्ता थांबेल का, हे लेखी मागा.

भाजल्याने आखडलेली बोटं, बाळाचा दुभंगलेला ओठ हा हौसेचा मामला नाही आणि त्यासाठी खिशात हात घालायचीही बहुधा गरज नसते. भाजल्यानंतरच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. मुलांच्या दुभंगलेल्या ओठासाठी अंगणवाडी-शाळा तपासणीच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत सोय होते. मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा.

हंगामाचंही पाहा. पील आणि लेझरनंतर ऊन वर्ज्य, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन चुकवायचं तर घराबाहेरच पडायला नको. मे महिन्यात लग्न असेल तर उपचार दिवाळीनंतर लगेच सुरू व्हावेत. हळदीच्या आधीच्या दोन आठवड्यांत चेहऱ्यावर नवं काहीही करू नये.

बिघडलंच तर त्याच दिवशी उजेडात फोटो काढा, ट्यूब-डबी फेकू नका आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवून त्याचं मत लेखी घ्या. उपचाराचे कागद मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं. लातूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील नसला तरी चालतं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार मात्र वैद्यकीय परिषदेकडे करायची असते. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. घरात ‘राहू दे, लोक काय म्हणतील’ यातच ती निघून जाते, म्हणून पहिल्या सिटिंगची पावती ज्या फायलीत ठेवाल तिच्यावर तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.