हळद दळणारा कोण आणि विकणारा कोण? प्रॉडक्ट मॅनेजमेंट की प्रॉडक्ट मार्केटिंग, आधी हे ठरवा



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे जरा निवांत घेऊ. "प्रॉडक्ट मॅनेजर व्हावं की प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये जावं?" हा प्रश्न हिंजवडीतल्या कंपनीत बसलेल्या पोरांचा आहे, वाशीमात हळदीची चक्की टाकणाऱ्याला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण बघा, दोन भाऊ मिळून धंदा सुरू करतात तेव्हा पहिल्याच महिन्यात हाच वाद होतो. फक्त त्याला इंग्रजी नाव नसतं. एक म्हणतो, "माल एक नंबर असला की आपोआप खपतो." दुसरा म्हणतो, "दिसतच नाही तर खपणार कुठून?" दोघांचंही बरोबर असतं, आणि कर्जाचा हप्ता मात्र दोघांच्या नावावर असतो.

आधी दोन्ही कामं नीट समजून घेऊ.

प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणजे काय बनवायचं, कोणासाठी बनवायचं, आणि काय बनवायचं नाही हे ठरवणं. हळकुंड कुठलं घ्यायचं, दळण बारीक की मध्यम, २०० ग्रॅमचं पाकीट की अर्ध्या किलोचं, पुढच्या वर्षी मिरची पावडर सुरू करायची का, हे सगळे निर्णय या खुर्चीचे. तक्रार आली तर तीसुद्धा इथेच यायला पाहिजे.

प्रॉडक्ट मार्केटिंग म्हणजे तयार माल कोणाला, कोणत्या शब्दांत, कोणत्या भावात आणि कुठे सांगायचा हे ठरवणं. पाकिटावर पहिली ओळ काय असेल, दुकानदाराला अर्ध्या मिनिटात काय सांगायचं, शेजारच्या ब्रँडपेक्षा आपण वेगळे कशात, हे या खुर्चीचं काम. लक्षात घ्या, फेसबुकवर पोस्टर टाकणं हा त्यातला अगदी शेवटचा आणि छोटा तुकडा आहे. आपल्याकडे लोक त्यालाच मार्केटिंग समजतात.

गंमत म्हणजे ही दोन्ही कामं एकाच झाडाच्या फांद्या आहेत. १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत नील मॅकएलरॉय नावाचा तरुण 'कॅमे' साबणाची जाहिरात बघायचा. त्याच कंपनीचा 'आयव्हरी' साबण मोठा होता आणि कॅमे त्याच्या सावलीत होता. त्याने वरिष्ठांना तीन पानांचं टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडला स्वतःची माणसं द्या, ती विक्रीचे आकडे बघतील, खप कुठे कमी आहे आणि का कमी आहे ते तिथे जाऊन शोधतील, आणि त्यावर उपाय करतील, असं त्याचं म्हणणं होतं. आजचे ब्रँड मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर तिथूनच आले. कंपन्या मोठ्या झाल्यावर कामाची वाटणी झाली. तुमची कंपनी अजून मोठी नाही, म्हणून दोन्ही कामं तुमच्याच घरात आहेत.

आता आपल्या विदर्भातलं उदाहरण घेऊ, तेही हळदीचंच. केशव विष्णू पेंढरकर यांचं नागपुरात किराणा दुकान होतं. पुढे ते कुटुंबासह मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये परळला त्यांनी विको सुरू केली. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. पहिला माल आयुर्वेदिक दंतमंजन. ते आणि त्यांची मुलं दारोदार जाऊन विकायची. माल ठरवणारा आणि दार ठोठावणारा एकच माणूस, त्यामुळे गिऱ्हाइकाचं बोलणं मधे कुठे हरवत नव्हतं.

पुढच्या पिढीत गजानन पेंढरकरांच्या काळात, १९७५ च्या सुमारास, हळदीची क्रीम आली. इथे दोन खुर्च्यांचा फरक स्वच्छ दिसतो. बाजारातल्या क्रीम पांढऱ्या होत्या, आणि ही पिवळी. चेहरा पिवळा पडेल ही भीती गिऱ्हाइकाला वाटणारच. रंग बदलायचा की रंग ठेवून भीती काढायची? रंग ठेवायचा, हा निर्णय मालाचा. भीती काढायची, हे काम बाजाराचं. विक्रेते सोबत आरसा घेऊन जायचे, दुकानदाराला क्रीम लावून दाखवायचे आणि डाग राहत नाही हे त्यालाच बघायला लावायचे, असं सांगितलं जातं. एका आरशाने जे काम केलं ते मोठ्या जाहिरातीने झालं असतं की नाही, मला शंका आहे. शिवाय हे औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर एक्साइज खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला, कारण औषध म्हटलं की कर वेगळा आणि क्रीम म्हटलं की वेगळा. निकाल विकोच्या बाजूने लागला. म्हणजे "आपला माल म्हणजे नेमकं काय" हे वाक्य फक्त लेबलवर राहत नाही, त्याचा पैशाशीही संबंध येतो.

आता रिसोड तालुक्यात येऊ. समजा दोन भाऊ आहेत. थोरल्याचा जीव चक्कीत. दळताना पावडर तापली की वास उडतो म्हणून तो सावकाश दळतो. धाकटा वाशीम, मालेगाव, कारंजा फिरून दुकानं करतो. वहिनी बचत गटाच्या बायकांना पाकिटं देते. तीन लाखांचं कर्ज आहे. धाकटा म्हणतो, "दादा, पाकीट बदलू. झिपवालं उभं पाकीट घेऊ, दुकानात उठून दिसते." दादा म्हणतो, "पाकिटात काय ठेवलं आहे, हळद चांगली पाहिजे."

भांडण्यापेक्षा हिशोब मांडू. (आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.) हळकुंड १५० रुपये किलो. साफसफाई आणि दळणात ५ टक्के घट धरली तर पावडर पडते १५८ ला. दळणाई आणि वीज १२, म्हणजे १७० रुपये किलो. २०० ग्रॅमला ३४. साधं पाकीट आणि लेबल ४, वाहतूक २. एकूण ४० रुपये. छापील किंमत ६०, त्यात दुकानदाराचे २० टक्के म्हणजे १२ गेले, हातात आले ४८. उरले ८ रुपये. यात जीएसटी नाही, घरच्यांची मजुरी नाही, उधारीत अडकलेला पैसा नाही.

झिपचं पाकीट समजा ९ रुपयांना पडलं. खर्च ४५ झाला, उरले ३. म्हणजे खरं तर तोटाच. मग किंमत ७० केली तर? दुकानदाराचे १४ गेले, हातात ५६, उरले ११. आता प्रश्न असा की रिसोडची ताई त्याच हळदीला ६० ऐवजी ७० देईल का? याचं उत्तर दादाच्या चक्कीत नाही आणि धाकट्याच्या उत्साहातही नाही. पन्नास पाकिटं नव्या पाकिटात भरून दोन दुकानांत ठेवा, बाकी दुकानांत जुनी राहू द्या, आणि महिनाभर बघा.

मग तुम्ही कोणती खुर्ची घ्यायची? लोक म्हणतात आवडीप्रमाणे घ्या. मी आधी धंद्याचा आजार बघायला सांगतो.

ओळखीतली नसलेली ४० घरं निवडा. नातेवाईक नकोत, ते तोंडावर चांगलंच म्हणतात. ४० पाकिटं विका, फुकट देऊ नका, आणि वहीत नाव, तारीख, भाव लिहा. दीड-दोन महिन्यांनी परत जा. ४० पैकी २५-३० घरांनी स्वतःहून पुन्हा मागितली, पण ४१ वं घर सापडत नाही, तर आजार बाजाराचा आहे. चक्कीवाल्या भावानेही आता गाडीवर बसायला हवं. उलट पहिल्यांदा ४० जणांनी घेतली आणि पुन्हा फक्त ६ जणांनी मागितली, तर आजार मालात आहे. अशा वेळी जाहिरातीवर खर्च केला तर नाराज गिऱ्हाइकं जास्त वेगाने तयार होतात, एवढंच. धाकट्याने दुकानं वाढवणं थांबवून त्या ३४ घरी जाऊन विचारायचं: रंग कमी वाटला? वास? भाव? की डबा अजून संपलाच नाही? शेवटचं उत्तर जास्त आलं तर माल चांगला आहे, पाकीट मोठं आहे. १०० ग्रॅमचं करा.

एक गोष्ट निक्षून सांगतो. बाजाराच्या खुर्चीवर बसलेला माणूस शब्दांचा मालक असतो, पण खोट्याचा नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. रिसोडच्या हळदीवर 'वायगाव' छापणं म्हणजे सरळ फसवणूक. 'भरपूर करक्युमिन' लिहायचं असेल तर आधी प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात घ्या. आणि एफएसएसएआयची नोंदणी केल्याशिवाय एकही पाकीट बाहेर नको.

सरकारी मदतीबद्दलही थोडं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत एकट्या उद्योजकाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं आहे. ब्रँडिंग आणि मार्केटिंगसाठीची ५० टक्के मदत मात्र शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि सहकारी संस्था अशा गटांसाठी. परिणाम काय होतो? एकटा माणूस मशिनरी घेतो, कारण पैसा तिकडे मिळतो, आणि विक्रीसाठी हातात काहीच उरत नाही. प्रकल्प अहवाल करतानाच सहा महिन्यांच्या विक्रीचा खर्च वेगळा काढून ठेवा. वहिनीचा बचत गट आहे, तर गटामार्फत काय जमतं ते कृषी विभागात आणि 'उमेद'च्या कार्यालयात जाऊन विचारा. योजनेची सध्याची मुदतही तिथेच विचारून घ्या.

आता जे पुण्यात शिकतात आणि चार-पाच वर्षांनी परत येऊन स्वतःचं काहीतरी टाकायचं म्हणतात, त्यांच्यासाठी. सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर झालात तर गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायची आणि 'नाही' म्हणायची सवय लागते. ती कामाची आहे. प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये गेलात तर एक गोष्ट दोन वाक्यांत मांडायला आणि स्पर्धकाचा अभ्यास करायला शिकता. खाण्यापिण्याच्या वस्तूंचा धंदा डोक्यात असेल तर मी दुसरी बाजू घेईन. त्याहीपेक्षा, खरं सांगू का, एखाद्या वितरकाकडे वर्षभर दुकानं फिरण्याची नोकरी करा. पद छोटं वाटेल, घरचे नाराज होतील. पण दुकानदार कोणता माल पुढे मांडतो, कोणता मागे ढकलतो, पैसे किती दिवसांनी देतो, हे तिथे जसं कळतं तसं वर्गात कळत नाही.

पुढच्या व्हिडिओत पाकिटावरचं लेबल घेऊ: निव्वळ वजन, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, पत्ता, हिरवा ठिपका, सगळं. तोपर्यंत ती ४० घरांची वही सुरू करा, आणि पहिल्या पानावर दोघांपैकी मालाचा शेवटचा शब्द कोणाचा आणि भावाचा कोणाचा, तेवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या.